बॅरिएट्रिक (वजन कमी करण्याच्या) ऑपरेशनच्या आधी आणि नंतर काटा वर-खाली का होतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरला राजेंद्र नगरात राहते. जानेवारी २०१९ मध्ये माझं स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून टाकण्याचं) ऑपरेशन झालं, तेव्हा वजन ११८ किलो होतं. दीड वर्षात ते ७८ पर्यंत उतरलं, मधे ८६ वर चढलं आणि आता ८१ च्या आसपास असतं. ऑपरेशनला निघालेल्या किंवा नुकत्याच झालेल्या आपल्या मराठी बायका-माणसांशी माझं नेहमी बोलणं होतं. कुणी लोकमान्य नगरातून फोन करतं, कुणी सुदामा नगरातून घरी येतं, आणि बहुतेक प्रश्न काट्याचेच असतात. ते इथे एकत्र लिहिलेत. मी डॉक्टर नाही. औषधाबद्दल जिथे लिहिलं आहे तिथे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

ऑपरेशनची तारीख मिळाली आणि वजन वाढायलाच लागलं. आता डॉक्टर ऑपरेशन रद्द करतील का?

हे फार जणांचं होतं. तारीख हातात पडली की "आता शेवटचंच" म्हणून सराफ्याच्या, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजाराच्या, फेऱ्या सुरू होतात. माझ्याही झाल्या. थंडीचे दिवस, गराडू, भुट्ट्याचा कीस, गरम मालपुवा. आठ दिवसांत अडीच किलो चढले आणि मी रात्री रडत बसले, की आता डॉक्टरांना तोंड कसं दाखवू.

जरा हिशेब करा. एक किलो चरबी चढायला ढोबळमानाने ७,७०० कॅलरी गरजेपेक्षा जास्त पोटात जाव्या लागतात. म्हणजे अडीच किलोला १९,००० च्या वर. आठ दिवसांत तेवढं खाल्लं गेलं असण्याची शक्यता कमी. त्या अडीच किलोत मिठामुळे अडलेलं पाणी आणि आतड्यात असलेलं अन्नच जास्त होतं.

पण हे लपवू नका. वजन खूप वाढलं असेल, यकृत सुजलेलं असेल, तर सर्जन तारीख पुढे ढकलू शकतात, आणि ते तुमच्या जिवासाठीच. मुख्य म्हणजे ते जेवण "शेवटचं" नसतंच. घाव भरल्यावर, काही महिन्यांनी, भुट्ट्याचा कीस चार चमचे मीही खाते. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर त्या आठ दिवसांची घाई मी केली नसती.

ऑपरेशनआधी दोन आठवडे ते कडक डाएट कशासाठी? त्यातच माझं चार किलो उतरलं, मग ऑपरेशन करूच कशाला?

यकृताचा डावा भाग जठरावर पांघरुणासारखा असतो. दुर्बिणीतून ऑपरेशन करताना तो उचलून धरावा लागतो. आपल्यापैकी बहुतेकांचं यकृत चरबीने मोठं आणि नाजूक झालेलं असतं. दोन आठवडे पोळी-भात-साखर अगदी कमी केली की ते आकसतं आणि सर्जनना जागा मिळते. तुमच्या काट्यासाठी नाही, त्यांच्या हातांसाठी आहे ते डाएट.

आता चार किलोंबद्दल. शरीर साखरेचा थोडा साठा यकृतात आणि स्नायूंत ठेवतं, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. एक ग्रॅम ग्लायकोजेन सोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं घटलं की आधी हा साठा वापरला जातो आणि पाणी लघवीवाटे निघून जातं. म्हणून पहिले दोन-तीन किलो भराभर जातात. आपण आयुष्यभर केलेल्या प्रत्येक डाएटची सुरुवात अशीच झाली होती, आठवून बघा. पहिला आठवडा आनंदाचा, सहाव्या आठवड्यात भूक अनावर, आणि वर्षभरात सगळं परत. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढतात, त्याबरोबर भुकेचं घ्रेलिन हे संप्रेरक तयार करणारा मोठा भागही जातो. पोट लहान होतं हे लोकांना दिसतं. भूक शांत होते, ते दिसत नाही, पण मला खरा उपयोग त्याचाच झाला.

एक धोक्याची गोष्ट. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर या डाएटमध्ये साखर एकदम खाली जाऊ शकते. डोस आधीच बदलून घ्या. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे) ऑपरेशनच्या काही दिवस आधी बंद कराव्या लागतात. किती दिवस, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आधीच वजन उतरलं तर विमा कंपनी नाकारणार नाही ना?

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे विम्याच्या प्रमाणित अटींनुसार बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) ४० किंवा त्याहून जास्त लागतो. ३५ च्या पुढे असेल तर सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह असा गंभीर आजार लागतो आणि आधीचे साधे उपाय करून झालेले असावे लागतात. डॉक्टरांचे निकष याहून सैल आहेत. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ३५ च्या पुढे इतर आजार नसला तरी ऑपरेशन सुचवता येतं, आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासून विचार करता येतो. त्यामुळे डॉक्टर हो म्हणाले म्हणजे विमा हो म्हणेलच असं नाही.

जे काठावर आहेत, म्हणजे ४०.५ वगैरे, त्यांनी पहिल्याच भेटीत उंची आणि वजन तारखेसकट केसपेपरवर नोंदवून घ्यावं. कोणत्या तारखेचं वजन धरणार, हे विमा कंपनीला लेखी विचारावं. तोंडी उत्तरावर विसंबू नका. आणि काठावर राहण्यासाठी मुद्दाम खाऊन वजन वाढवू नका, कृपा करून. मी हे करणारी माणसं पाहिली आहेत.

ऑपरेशन होऊन घरी आले, काट्यावर चढले, तर आधीपेक्षा तीन किलो जास्त! हे कसं?

सलाईन. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि दवाखान्यात तुम्हाला बाटल्यांवर बाटल्या लावलेल्या असतात. शिवाय जखमेभोवती सूज असते. चार-पाच दिवसांत लघवीवाटे उतरतं. घरच्यांना सांगून काटा आठवडाभर कपाटावर ठेवा.

मात्र या दिवसांत छातीची धडधड थांबत नसेल, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात दुखणं किंवा धाप असेल, तर वजनाचा विचार सोडा आणि तडक दवाखाना गाठा. टाक्यांमधून गळती झाली असेल तर लक्षणं अशीच असतात.

तिसरा आठवडा. दिवसभरात चार वाट्यासुद्धा पोटात जात नाहीत, तरी दहा दिवस काटा एका जागी. माझं ऑपरेशन फसलं का?

नाही. मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. बहुतेक फोन रात्री दहानंतर येतात आणि पलीकडचा आवाज रडवेला असतो.

दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात कधीतरी काटा अडकतो, बहुतेकांचा अडकतो. कारण वर सांगितलं तेच, फक्त उलट दिशेने. सुरुवातीला साखरेचा साठा आणि पाणी गेलं. मग द्रवावरून पातळ लगद्यावर, मऊ खाण्यावर आलात, शरीराने थोडा साठा परत भरला आणि त्यासोबत पाणी धरलं. तिकडे चरबी जात असते, इकडे पाणी येत असतं, बेरीज शून्य दिसते. माझा काटा १०७.४ वर तेरा दिवस होता. मी रोज सकाळी तोच आकडा वहीत लिहिला. चौदाव्या दिवशी १०६.१.

त्या तेरा दिवसांत माझ्या लग्नातल्या बांगड्या मनगटावरून सैल फिरायला लागल्या होत्या, ज्या आधी साबण लावूनही निघत नव्हत्या. काटा हलत नव्हता पण हात बारीक होत होता. म्हणून मी सांगते, ऑपरेशनआधीच शिंप्याच्या टेपने कंबर, दंड, मांडी मोजून ठेवा.

या काळात खाणं आणखी कमी करू नका. लोक नेमकं तेच करतात. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात गेली पाहिजेत, नाहीतर चरबीऐवजी स्नायू जातात. आपल्या शाकाहारी घरात ते सोपं नाही. १०० ग्रॅम पनीर म्हणजे सुमारे १८ ग्रॅम, घट्ट वरणाची वाटी सहा-सात ग्रॅम, अंडं चालत असेल तर एकात सहा. बाकी पावडरने भरून काढावं लागतं. नुसत्या ताकावर राहू नका. पाणी घोट-घोट, दिवसाला दीड-दोन लिटर, पण जेवणासोबत नाही आणि जेवणानंतर अर्धा तास नाही.

रोज वजन करावं का?

आठवड्यातून एकदा. सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यात, त्याच फरशीवर. आमच्या न्हाणीघराबाहेरची फरशी किंचित उतरती आहे. तिथलं वजन आणि हॉलमधलं वजन यांत आठशे ग्रॅमचा फरक पडायचा, आणि मी महिनाभर कधी इथे, कधी तिथे काटा मांडत होते. मनाचा नुसता भुगा. आता काट्याच्या चार पायांच्या खुणा फरशीवर पेन्सिलने केल्या आहेत.

ज्यांना रोज केल्याशिवाय राहवत नाही त्यांनी रोज करावं, पण वहीत फक्त सात दिवसांची सरासरी लिहावी. शेजारणीच्या काट्यावर, मेडिकलच्या दुकानातल्या काट्यावर चढू नये.

एका रात्रीत दीड किलो वाढलं. काल तर फक्त एक लग्न होतं.

लग्नातल्या जेवणात मीठ भरपूर असतं. पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस, लांबचा बसप्रवास, उन्हाळा, बद्धकोष्ठता, नव्याने सुरू केलेला व्यायाम, काही औषधं (स्टेरॉइड विशेष करून), या सगळ्यांनी एक-दोन किलो पाणी अडतं आणि मग सुटतं. माझी वही चाळली तर दर महिन्याला त्याच सुमारास काटा चढलेला दिसतो. दोन महिने वही लिहा, तुमचं तुम्हालाच कळेल.

पण पायावर सूज, बोट दाबलं की खळगा राहणं, झोपल्यावर धाप लागणं, यासोबत वजन भराभर वाढत असेल तर ते साधं पाणी म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी दाखवा.

माझ्या जावेचं त्याच महिन्यात ऑपरेशन झालं. तिचं २२ किलो उतरलं, माझं १४. मी काय चुकतेय?

जावेचं सुरुवातीचं वजन किती होतं? ती बायपासवाली (जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात ते ऑपरेशन, हृदयाचं नव्हे) की स्लीव्हवाली? तिचं वय, तिला मधुमेह आहे का, तिचं थायरॉईड? जड माणसाचे किलो आधी भराभर जातात, पुरुषांचे बायकांपेक्षा लवकर जातात, इन्सुलिनवर असलेल्यांचे सावकाश. किलोत तुलना करू नका. टक्के काढा. स्लीव्हनंतर दीड-एक वर्षात मूळ वजनाच्या साधारण २५ टक्के, बायपासनंतर ३० टक्के हा सरासरीचा अंदाज, आणि सरासरीच्या दोन्ही बाजूंना माणसं असतात. सगळ्यात जास्त वेग पहिल्या सहा महिन्यांत असतो.

केस मूठमूठ गळतायत.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात, बहुतेकांचे परत येतात. प्रथिनं, लोह, व्हिटॅमिनच्या गोळ्या चालू ठेवा, रक्त तपासा. तेलं बदलून काही होत नाही.

मुलाचा विचार कधी करावा?

वजन स्थिरावल्यावर, म्हणजे साधारण १२ ते १८ महिन्यांनी. तोवर काळजी घ्या, कारण वजन उतरलं की अनियमित पाळी नियमित होते आणि बायकांना दिवस अनपेक्षितपणे जातात. बायपास झालं असेल तर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, स्त्रीरोगतज्ज्ञांना दुसरा उपाय विचारा. गरोदरपणात वजन वाढणार आणि ते वाढायलाच हवं.

वर्ष झालं. जेवण अर्धी पोळी, तरी वजन उतरायचं थांबलं आणि किलोभर चढलंही. पोट परत ताणलं का?

पोटाआधी डबे तपासा. इंदूरच्या माणसाला हे सांगणं मला जड जातं, पण सांगते: सेव.

आपल्याकडे पोह्यांवर सेव, दह्यावर सेव, आमटीत सेव, भाजी नसली की सेवेचीच भाजी. छोट्या पोटात पोळी-उसळ भरली की तीन तास भूक नाही. सेव मात्र तोंडातच विरघळते, पोटात थांबत नाही, घसरून पुढे जाते. १०० ग्रॅम सेवेत साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात. टीव्हीपुढे बसून वाटी रिकामी होते आणि पोट भरल्याचा निरोपही येत नाही. चिवडा, खारी, बिस्किटं, आइस्क्रीम, गोड शिकंजी, सगळी याच जातीची. "मी तर जेवतच नाही" म्हणणाऱ्या एका काकूंना मी चार दिवस तोंडात जाणारं सगळं लिहायला सांगितलं. जेवण खरंच अर्धी पोळी होतं. दोन जेवणांच्या मधे चहासोबत दिवसातून पाच वेळा टोस्ट होते.

पोट थोडं सैल होतं, ते खरं आहे, आणि होणारच. पण शरीरही बदलतं: ११८ किलोचा देह चालवायला जेवढं इंधन लागत होतं तेवढं ८० किलोच्या देहाला लागत नाही, आणि वजन उतरलेलं शरीर काटकसरही करतं. म्हणून जे खाऊन वजन उतरत होतं, तेच खाऊन ते स्थिर राहतं. वजन उचलण्याचा व्यायाम या टप्प्यावर फार कामाला येतो. मी पाण्याच्या बाटल्यांपासून सुरुवात केली.

जिलबी खाल्ली आणि छातीत धडधड, घाम, जुलाब. हे काय?

डंपिंग. साखर एकदम आतड्यात उतरल्यामुळे होतं. बायपासमध्ये जास्त, स्लीव्हमध्येही काहींना. पडून राहा, उतरेल. पोहे-जिलबीतले पोहे घ्या, तेही मोड आलेले मूग घालून.

गौरीचं जेवण, मुंजी, सासरची माणसं. "एवढंसंच घे गं" याला उत्तर काय?

माझं उत्तर सांगते. ताट घेऊन पंगतीत बसतेच, न बसल्यास चौकशी वाढते. पण ताट स्वतः वाढून घेते: आधी मोडाची उसळ, दही, मग चतकोर पुरणपोळी. सावकाश खाते आणि वाढणाऱ्या बाईचं मन राखून म्हणते, "चव घेतली, फार सुंदर झालीय." सासूबाईंना मी एकदा सर्जनकडे सोबत नेलं. जठर किती उरलंय ते त्यांनी चित्रात पाहिलं, त्या दिवसापासून आग्रह त्याच थांबवतात.

"आजारी दिसतेस, चेहरा पार उतरला" हेही ऐकावं लागेल. रक्ताचे रिपोर्ट बरोबर असतील तर तुम्ही आजारी नाही.

तीन वर्षं झाली. आठ किलो परत चढले. डॉक्टरांकडे जायची लाज वाटते.

हे पान मी मुख्यतः या प्रश्नासाठी लिहिलं.

२०२१ मध्ये माझं वजन ७८ वरून ८६ वर गेलं. मी लागोपाठ दोन फॉलोअप चुकवले. दवाखान्यातून फोन आला की "गावाला आहे" सांगायचे. लग्नाकार्यात फोटोला मागे उभी राहायचे. मला वाटायचं एवढा पैसा, घरच्यांचं एवढं करणं, आणि मी ते वाया घालवलं. या काळात व्हिटॅमिनच्या गोळ्याही सुटल्या, कारण गोळ्यांची डबी पाहिली तरी अपराधी वाटायचं. शेवटी पायाला मुंग्या यायला लागल्या म्हणून गेले. बी-१२ तळाला गेलं होतं. वजनापेक्षा ते जास्त धोक्याचं होतं, आणि माझ्या लाजेपायी झालं होतं.

सर्जन रागावले नाहीत. त्यांनी आलेख काढून दाखवला. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सुमारे ३२ टक्क्यांपर्यंत उतरलं आणि दहा वर्षांनी ते मूळ वजनापेक्षा २५ टक्के कमी होतं. म्हणजे सगळ्यात खालच्या आकड्यावरून थोडं वर येणं हे त्या अभ्यासातल्या माणसांचंही झालं. आपण मात्र तो एका सकाळचा सगळ्यात खालचा आकडा आपला मानून बसतो.

तपासणीत थायरॉईड, साखर, नवी औषधं (काही मानसिक आजारांवरची औषधं, इन्सुलिन, स्टेरॉइड वजन वाढवतात), झोप, दारू, सगळं बघतात. ऑपरेशननंतर दारू लवकर आणि जास्त चढते आणि काहींना तिचं व्यसन लागतं, हे घरच्यांनीही ध्यानात ठेवावं. मनाने खचला असाल तर मानसोपचार घ्या, तो उपचाराचाच भाग आहे. मला आहारतज्ज्ञांनी तीन महिने दर पंधरा दिवसांनी बोलावलं. पाच किलो उतरले, तीन राहिले. ते तीन आता माझे.

वाढलेल्या वजनाला इंजेक्शन चालतं का? की दुसरं ऑपरेशन?

दोन्ही पर्याय आहेत. टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड २०२५ मध्ये भारतात आलं आणि ऑपरेशननंतर वाढलेल्या वजनासाठीही डॉक्टर ते देतात. बंद केलं की बहुतेकांचं वजन परत चढतं, आणि खर्च दर महिन्याचा असतो, हे धरून ठरवा. स्लीव्हचं बायपास करता येतं, विशेषतः खूप ॲसिडिटीचा त्रास असेल तर. मेडिकलमधून स्वतःहून इंजेक्शन आणून टोचू नका. आधीच कमी खाणाऱ्या माणसाची भूक आणखी मेली तर प्रथिनं कुठून येणार?

फॉलोअप किती वर्षं?

आयुष्यभर. पहिल्या वर्षी तीन-चार वेळा, पुढे वर्षातून एकदा तरी. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, पॅराथायरॉईड, साखर, यकृत. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत दोन तासांचं अंतर ठेवा. अंगदुखीला आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊ नका, विशेषतः बायपास झालं असेल तर, अल्सर होतो. उलट्या दोन-तीन दिवस थांबत नसतील तर थांबून बघू नका, शरीरातलं बी-१ झपाट्याने संपतं आणि मेंदूला, नसांना इजा होते. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखत असेल तर पित्ताशयाची सोनोग्राफी करून घ्या, वजन भराभर उतरताना खडे होतात.

बदली होऊन पुण्याला किंवा बंगळूरला गेलात तर ऑपरेशनच्या डिस्चार्ज कार्डाची प्रत सोबत न्या. कोणतं ऑपरेशन झालं, ते त्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं. आणि वजन वाढलेलं असतानाची भेट चुकवू नका. जायला धीर होत नसेल तर मला सांगा, ओपीडीबाहेरच्या बाकावर मी तुमच्यासोबत बसेन.